जोगत्याला लुगडं कुणी नेसवलं? आपल्या कथा-नाटकांतले आणि पडद्यावरचे तृतीयपंथी

खासबागकर

यंदा एकांकिका स्पर्धांना बसून बसून हे डोक्यात घोळायला लागलंय, म्हणून धागा काढतोय.

तृतीयपंथी पात्र असलेली एकांकिका सुरू झाली की पुढचं सगळं मला आता तोंडपाठ आहे. अंधारात टाळी वाजणार. लाल स्पॉट पडणार. 'आम्हालाही मन असतं' असं लांबलचक स्वगत येणार. मग एखादा गुंड नाहीतर बाप, आणि शेवटी पात्र मरणार. प्रेक्षक उभे राहतात, परीक्षक 'धाडसी विषय' म्हणतात, लेखक पोरगा ढाल घेऊन घरी जातो. त्या पात्राचं खोलीभाडं किती, ती चहा स्वतः करते की टपरीवरून मागवते, शेजारच्या कुठल्या बाईशी तिचं वाकडं आहे, यातलं काही म्हणजे काही कळत नाही.

पण माझं खरं भांडण कॉलेजच्या पोरांशी नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याकडे बघा. मराठीत हा विषय निघाला की ज्या दोन सिनेमांची नावं हटकून घेतली जातात, ते दोन्ही आपल्याच मातीतल्या कादंबऱ्यांवरून आलेत. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'चा आधार घेऊन २००९ साली 'जोगवा' आला. कागलच्या आनंद यादवांच्या 'नटरंग'वरून २०१० च्या १ जानेवारीला सिनेमा आला. दोन्ही मला मनापासून आवडतात. पण दोन्हीच्या मुळाशी दुःख कुठलं आहे बघा. बाप्या माणसाला बाईचा वेष घ्यावा लागला, हे. 'जोगवा'तल्या तायप्पाला यल्लम्मा देवीला सोडून जोगता केलं, लुगडं नेसवलं, आत मात्र तो गडीच आहे, सुलीवर जीव जडतो, आणि सुटका म्हणजे ते जोगतेपण झुगारणं. 'नटरंग'मधला गुणा तर तालमीतला पिळदार गडी. तमाशाच्या फडाला नाच्या, म्हणजे बायकी ढंगानं नाचणारा पुरुष, मिळेना म्हणून स्वतः नाच्या होतो, आणि लोक त्याच्या पुरुषपणावर शंका घेतात ही त्याची शोकांतिका.

आपण दोघांसाठी रडलो, कारण ते 'तसले' नव्हते. ज्याला लुगडं हवंच होतं त्याच्यासाठी रडलो असतो का? त्याची गोष्ट कुठाय?

टिकटी

नादखुळा प्रश्न काढलास भावा. 'नटरंग' मी थेटरात बघितला तेव्हा मागचा अख्खा बाक 'ए बायल्या' म्हणून ओरडत होता आणि तोच बाक शेवटी डोळं पुसत बाहेर पडला. ओरडल्याचं वाईट वाटलं म्हणून रडली नव्हती ती. 'आरं, ह्यो तर मर्द हाय' म्हणून रडली.

हिरण्यकेशी

खासबागकर, प्रश्न रास्त आहे, पण गवसांवर अन्याय करताय. मी गडहिंग्लज भागातला. आमच्याकडे हा विषय साहित्याच्या आधी चळवळीचा होता. शाहू महाराजांनी १९२० साली जोगत्या-मुरळीची चाल बंद करायचा कायदा संस्थानात केला. गडहिंग्लजला १९७५ मध्ये देवदासींची परिषद झाली. एवढं होऊनही केसात जट दिसली की पोरगी, आणि चालण्यात जरा नाजूकपणा दिसला की पोरगं देवीला सोडायचं चालूच. ज्यानं हे लहानपणापासून दारात बघितलं, तो लेखक 'पोराला सोडवा' असंच लिहिणार. त्या काळात दुसरं काही लिहिणं म्हणजे प्रथेला हार घातल्यासारखं झालं असतं.

आणखी एक. कर्नाटकाचा १९८२ चा देवदासी कायदा मुळातच बायकांपुरता. जोगत्याकडे कायद्याचं लक्षच गेलं नाही. चळवळीतही तो कायम दुसऱ्या रांगेत. 'भंडारभोग'मध्ये जोगत्याला मधोमध बसवणं हे त्या वेळी फार मोठं काम होतं. तुम्ही आजच्या मापानं मोजताय.

खासबागकर

हिरण्यकेशी, मान्य. गवसांनी जे लिहिलं ते लिहायलाच हवं होतं. माझं म्हणणं पुढच्यांबद्दल आहे. त्यानंतर आलेल्या प्रत्येकानं तोच साचा उचलला आणि त्यातली चळवळ काढून टाकली. उरली फक्त कीव.

स्पष्टवक्ता_०७

हे सगळं बाहेरच्या देशातलं खूळ आहे. ओटीटीवाल्यांनी आणलंय. आपल्याकडे असलं काही नव्हतं. माझं मत.

सीमाभागातली

शिखंडी कुठल्या ओटीटीवर आला होता म्हणे? विराटाच्या घरी राजकन्येला नाच शिकवणारी बृहन्नडा?

बाहेरच्या देशातून काय आलं ते सांगते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. त्यात एक आख्खा भाग हिजड्यांवर होता. उत्तर हिंदुस्थानात त्यांची नावं वहीत नोंदवायची, आणि नोंद झालेला कुणी बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसला की वॉरंटशिवाय आत. मुलांना पळवणारा, संशयित हिजडा हे चित्र हिंदी सिनेमानं त्या वहीतूनच उचलल्यासारखं वाटतं. माझंही मत.

विंगेतून

खासबागकर, तुम्ही 'ज्याला हवंच होतं त्याची गोष्ट कुठाय' विचारलंत. एक आहे. 'बेगम बर्वे'. सतीश आळेकर, १९७९.

मी त्याच्या एका हौशी प्रयोगात प्रॉम्प्टिंग केलंय, त्यामुळे वाक्यं अजून कानात आहेत. बर्वे म्हणजे संगीत नाटकात बारीकसारीक स्त्रीपार्टी करून म्हातारा झालेला नट. कंपन्या गेल्या, आता श्यामराव टांगेवाल्याच्या धाकात उदबत्त्या विकतो. श्यामराव त्याला मारतो, लुबाडतो. आणि जावडेकर-बावडेकर नावाचे दोन कारकून, त्यातल्या जावडेकरला ऑफिसातल्या नलावडेबाई हव्या आहेत. बर्वे नलावडेबाई होतो. लग्न लागतं, डोहाळे लागतात, ओटी भरायची तयारी होते, पदं म्हटली जातात. आणि मग ते सगळं फाटतं.

त्या डोहाळ्यांच्या प्रवेशात आमचा बर्वे झालेला नट रोज तालमीत एकच गोष्ट करायचा. पदर खोचण्याआधी तळहात लुगड्याला पुसायचा. दिग्दर्शकानं सांगितलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, उदबत्तीचा हात आहे, नव्या लुगड्याला काळं लागेल. तेवढ्या एका हालचालीत बर्वेला ते लुगडं किती हवं होतं ते दिसायचं. जबरदस्ती नाही, देवी नाही, पोटाची आग नाही. हवंय, बस.

पण समीक्षा काढून वाचा. बर्वे म्हणजे मराठी मध्यमवर्गाचा स्मरणरंजनात अडकलेला आत्मा, बर्वे म्हणजे संगीत नाटकाचं कलेवर. सगळं बरोबर असेल. मात्र बर्वेला स्वतःला काय वाटतं यावर दोन ओळी सापडायला दमछाक होते. एक पात्र मिळालं, त्याचंही आपण प्रतीक करून टाकलं.

टिकटी

हे नाटक कोल्हापुरात कुणी करतंय का सध्या? आपण तिकीट काढणार.

परडीवाली

नमस्कार सगळ्यांना. धागा चार दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते.

मी इचलकरंजीकडची. जोगता म्हणा, तृतीयपंथी म्हणा, दोन्ही मीच. हिरण्यकेशीदादा आणि खासबागकरदादा, तुमच्या भांडणात दोघंही बरोबर आहात आणि दोघांकडूनही मधलं सुटलंय.

लहानपणापासून मला आईचं पातळ आवडायचं. बाप पट्ट्यानं मारायचा. घरात लाज होती, की पोरगं बायकी निघालं. मग अंगावर फोड उठले, औषधानं जाईनात. गल्लीतली म्हातारी म्हणाली, देवीनं धरलंय याला. खोटं सांगत नाही, माझ्या आईला त्या दिवशी हायसं वाटलं. 'माझं पोरगं बाईसारखं वागतंय' ही लाज होती, 'माझं पोरगं आईनं मागून घेतलंय' हा मान झाला. बापाचा हात थांबला. सौंदत्तीला नेलं, गळ्यात दर्शन, म्हणजे देवीच्या मण्यांची माळ, बांधलं, जोगव्याची परडी दिली. मला कुणी जबरदस्तीनं लुगडं नेसवलं नाही. मी देवीच्या आडोशाला उभी राहून ते नेसले.

पण माझ्याबरोबर त्याच वेळी आणखी एक पोरगं सोडलं होतं. त्याला नको होतं. तो रात्री पँट घालून चोरून पिक्चरला जायचा, आणि एका मुलीवर जीव होता त्याचा. 'जोगवा' ही त्याची गोष्ट आहे, आणि ती खरी आहे. मी तो सिनेमा बघताना त्याच्यासाठी रडले. नंतर घरी येऊन विचार केला, शेवटी सगळे टाळ्या वाजवत होते ते लुगडं सुटल्याबद्दल. माझं सुटलं तर मी मरेन.

सुधारक म्हणतो देवीनं फसवलं. आजची शिकलेली पोरं म्हणतात देवीबिवी काही नाही, ही तुझी ओळख. मला दोन्ही जोडून सांगणारा लेखक भेटलेला नाही. आईसाठी मी देवीची आहे, आधार कार्डासाठी वेगळी आहे, माझ्या गुरूसाठी पोळ्या जाड लाटणारी आळशी चेली आहे.

आणि नाटकवाल्यांना एक सांगते. तुमच्या पात्राला मेकअप असतो, दाढी कधीच नसते. आमची सकाळ चिमट्यापासून सुरू होते. खिडकीच्या उजेडात आरसा धरून एकेक केस उपटायचा. हनुवटीखालचे सगळ्यात जास्त दुखतात. तेवढं झालं की चहा.

हसणं पण नसतं तुमच्या नाटकात. एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं त्यानंतरची गोष्ट. डोक्यावर जग, म्हणजे आईची मूर्ती बसवलेली टोपली, घेऊन बसले होते. कंडक्टर माझ्याकडं बघतोय, मशीनकडं बघतोय. 'काय देऊ?' म्हणाला बिचारा. मी म्हटलं, तुम्हाला काय दिसतंय ते द्या. मागची बाई म्हणाली, 'आवं, डोक्यावर आई हाय, निम्मंच द्या की.' तिच्या शेजारची म्हणाली, 'मग आईचं बी निम्मं काढा, ती काय फुकट येतीया व्हय?' अख्खी एसटी हसली. कंडक्टरपण. मी सगळ्यात जास्त. असला प्रवेश कुठल्या एकांकिकेत बघितलाय? तिथं मला कुणी हसूच देत नाही.

सीमाभागातली

ताई, लिहीत राहा. तुमची ही पोस्ट वरच्या सगळ्या चर्चेच्या वर आहे.

हिरण्यकेशी

ताई, 'देवीच्या आडोशाला उभी राहून' हे वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. चळवळीच्या सभांमधून आम्ही अंधश्रद्धेवर इतकं बोललो, पण तो आडोसा काढून घेतल्यावर तिथं दुसरं काय द्यायचं, हे आमच्या भाषणात नव्हतं. तरी एक विचारतो, राग मानू नका. त्या दुसऱ्या मुलाला आजही कुणीतरी सोडत असेल. कथेनं दोन्ही बाजू दाखवल्या तर प्रथेला बळ मिळणार नाही का?

परडीवाली

राग कशाचा दादा. भाषणात दोन्ही बाजू बसत नाहीत हे मला कळतं. कादंबरी पाचशे पानांची असते ना पण? तिथं जागा आहे की दोघांना.

लोअर परळ

हिंदीचं कुणी लिहिलं नाही म्हणून पटकन. १९९१ चा 'सडक', सदाशिव अमरापूरकरांची महाराणी. आपल्या माणसानं जबरदस्त काम केलं, फिल्मफेअर मिळालं, आणि पुढं कित्येक वर्षं गल्लीतल्या प्रत्येक हिजड्याला पोरं 'महाराणी' म्हणून चिडवत राहिली. १९९७ च्या 'तमन्ना'त परेश रावल, तिथं माया आहे, टाकून दिलेल्या मुलीला वाढवणारं माणूस आहे. मधले विनोदी सिनेमे सोडून द्या, त्यावर टंकण्याइतकीही लायकी नाही.

मला गंमत रवी जाधवांची वाटते. 'नटरंग', २०११ ला 'बालगंधर्व', २०२३ ला 'ताली'. एकाच दिग्दर्शकाच्या कामात नाच्या झालेला गडी, स्त्रीपार्टी नट आणि तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत. म्हणजे विषय त्यांना सोडत नाही. पण 'ताली'त गौरी सावंतांची भूमिका सुश्मिता सेननं केली.

टिकटी

सुश्मिता भारीच केलीया पण.

लोअर परळ

केली ना, नाही कोण म्हणतंय. २०१९ च्या तमिळ 'सुपर डिलक्स'मध्ये विजय सेतुपतीनं शिल्पा केली, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातलं ते घरी परतणं बघा. सगळं घर अवघडलेलं, आणि लहान मुलगा मात्र बाप साडीत आलाय हे सहज घेऊन मोकळा. लिखाण असावं तर असं. प्रश्न एवढाच, की भूमिका चांगली लिहिली की ती नामवंताकडे जाते. उलट २०२० च्या 'पाताल लोक'मधली चिनी बघा, किंवा २०२३ ला 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या भागातली मेहेर. मेहेर करणारी त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू स्वतः ट्रान्स आहे. मेहेर ऑफिसात काम करते, कामात वैतागते, प्रेमात तोंडघशी पडते. तिचं ट्रान्स असणं त्यात आहेच, पण प्रत्येक प्रवेशात ते कपाळावर लिहून फिरत नाही.

विंगेतून

नाटकवाली म्हणून मला इथं थोडी अडचण होते. अभिनय म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी होणं. ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आपण मिरवतो ते केशवराव भोसले लहानपणी 'शारदा'तली शारदा करून गाजले. गावाला हे सांगावं लागत नाही. 'जो आहे त्यानंच करावं' हा नियम केला तर आमचा धंदाच बसेल.

सीमाभागातली

केशवराव शारदा करत होते कारण बाईला रंगमंचावर येऊच देत नव्हते. पुढं बायका आल्या, तेव्हा 'आमचा स्त्रीपार्टी बाईपेक्षा सुंदर दिसतो' हेच कारण त्यांच्याही तोंडावर मारलं गेलं. मी नियम मागत नाही. आपल्या शहरातल्या कुठल्या संस्थेनं परडीवालीताईंसारख्या कुणाला तालमीला तरी बोलावलंय का, एवढंच सांगा. निवड नंतरची गोष्ट.

विंगेतून

नाही बोलावलेलं. आमच्याही संस्थेनं नाही.

वाचनालयातली बाई

मी पुस्तकांच्या बाजूनं बोलते, कारण दिवसभर तीच हाताळते. या विषयावर मराठीत सगळ्यात जास्त मागणी असलेलं पुस्तक म्हणजे लक्ष्मी नारायण त्रिपाठींचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी!'. नवं कव्हर घालून दमलो आम्ही. दिशा पिंकी शेख यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह कॉलेजच्या मुली नेतात. म्हणजे आत्मकथन आहे, कविता आहे. कादंबरी मागितली की मी आपली गवसांच्याच कपाटाकडे हात दाखवते.

हे उलटं आहे, असं मला वाटतं. दलित आत्मकथनांची लाट येण्याआधी अण्णाभाऊ होते, बाबूराव बागूल होते. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं. कथेनं आधीच दाखवून ठेवलं होतं, की या वस्तीत खुनी आहेत, प्रेमिक आहेत, लबाड आहेत, विनोदी आहेत. आत्मकथन लिहिणाऱ्याला तेवढी मोकळीक नसते. 'मी' म्हणून लिहिताना माणूस शपथेवर बोलतो, त्यात वर समाजाची वकिलीही करायची. मग लबाडी, मत्सर, आळस हे कुठं जाणार? परडीवालीताई जाड पोळ्या लाटतात हे आत्मकथनात आलंही असतं, पण त्या चोरून पातळ पोळ्या स्वतःसाठी ठेवतात, हे कथेतच येतं.

हिंदीत निदान प्रयत्न दिसतात. चित्रा मुद्गल यांच्या 'पोस्ट बॉक्स नं. २०३ नाला सोपारा'ला २०१८ चा साहित्य अकादमी मिळाला. विनोद आपल्या बाला, म्हणजे आईला, पत्रं लिहितो, आणि टाळी वाजवून पोट भरायला साफ नकार देतो. आईशी हिशेब मागायची त्याची पद्धत मला फार भावली. पण तिथंही एक घोळ आहे, जो आपल्याकडे सगळीकडे दिसतो. विनोद जन्मतः शरीरानं वेगळा आहे. जन्मतः तसं मूल, मग टोळी येऊन घेऊन जाते, हे कथानक लेखकाला सोपं पडतं, कारण त्यात कुणाचीच इच्छा नसते. सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ ला सांगितलं, की माणूस स्वतःला जे मानतो ते धरायचं, शस्त्रक्रियेची अट नको. कोर्ट इच्छेपाशी पोचलं, कादंबरी अजून शरीरापाशी घुटमळतेय.

स्पष्टवक्ता_०७

त्या एसटीच्या गोष्टीला मी पण हसलो. बाकी माझं मत कायम.

टिकटी

हसलास ना, मग बास. रस्सा पी आता.

खासबागकर

बरंच मिळालं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या ग्रुपमध्ये लिखाण चाललंय, त्यात हे उतरवायचा विचार आहे. ताईंनी सांगितलेली दोन पोरं, एकाच वेळी दर्शन बांधलेली. एकाला लुगडं फेकायचंय, एकाला टिकवायचंय, आणि दोघांना एकाच खोलीत राहावं लागतंय. भाकरी कुणी थापायची यावरून पहिला प्रवेश. टाळी नाही, लाल स्पॉट नाही. दोघांत कोण बरोबर हे नाटक सांगणार नाही. हिरण्यकेशी, चळवळीतला कार्यकर्ता तिसरं पात्र म्हणून येतोय, त्याला मूर्ख करणार नाही, शब्द देतो.

ताई, तुमच्या गोष्टीवर उभं राहणार असेल तर लेखनात तुमचं नाव हवं आणि मानधनात वाटा. आणि दोघांतलं एक पात्र तुम्ही वाचून बघाल का? सध्या शुक्रवारी संध्याकाळी मंगळवार पेठेत वाचन असतं.

परडीवाली

वाचून बघते. पण मी लुगडं फेकणाऱ्याचं वाचणार, दुसरं तर मी रोजच करते. नावाचं आपण भेटून बोलू, घरी आईला विचारावं लागेल.

शुक्रवारी जमत नाही, मंगळवार-शुक्रवार आमचा जोगवा असतो. शनिवारी ठेवा. आणि चौंडकं, आमचं जोगव्याचं वाद्य, खरं आणणार असाल तर आधी सांगा, माझ्या गुरूकडून आणावं लागतं, ती सहजासहजी देत नाही.